एका आकड्याची खाज

चौसष्ट हा आकडा वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. बुद्धिबळाच्या पटावर चौसष्टच घरं असतात आणि त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. माझी बायको आर्लीन तर म्हणते, "हर्शेल, तू स्वतः अजून चौसष्टचाच आहेस, मी चालवून घेतेय ना?" पण कपाटात सोन्याची आठ नाणी ओळीनं मांडलेली असावीत, त्यातल्या सातांवर पासष्ट लिहिलेलं असावं आणि पहिल्याच नाण्यावर चौसष्ट, अशा परिस्थितीत माणसाला खुर्चीत स्वस्थ बसता येत नाही. मी बसून पाहिलं आहे. थोड्या वेळानं उठायचं, कपाट उघडायचं, आपोआप पासष्ट झालंय का बघायचं, कपाट लावायचं आणि परत येऊन बसायचं, असा माझा निवृत्तीनंतरचा दिनक्रम होता.

ज्यांना हा नाद नाही त्या भाग्यवंतांसाठी थोडं सांगतो. जुनं सोन्याचं नाणं आपण तज्ज्ञांच्या कंपनीकडे पाठवतो. तिथे तीन माणसं भिंग लावून त्याला साठ ते सत्तरमधला आकडा देतात, तो आकडा एका चिठ्ठीवर छापतात आणि नाण्यासकट जाड प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद करतात. सत्तर म्हणजे निर्दोष. ते कुणाच्याच नशिबी नसतं. चौसष्ट आणि पासष्ट यांत नुसत्या डोळ्यांना काहीही फरक दिसत नाही, आणि म्हणूनच त्या फरकासाठी माणसं एकमेकांशी बोलणं सोडतात.

माझं आयुष्य काउंटीच्या घरपट्टी खात्यात गेलं. लोकांची घरं बघून त्यांना 'उत्तम', 'चांगलं', 'साधारण', 'कामचलाऊ' अशी प्रत द्यायची, हे माझं काम. लोक यायचे, टेबलावर हात आपटायचे, म्हणायचे, आमचं घर साधारण कसं? मी त्यांना शांतपणे सांगायचो की बाबांनो, प्रत ही मनावर घ्यायची गोष्ट नाही. हे सांगताना मला काहीच वाटत नसे.

ते चौसष्टवालं नाणं आर्लीननं दिलेलं. माझ्या निवृत्तीच्या दिवशी. वीस डॉलरचं, १८९९ सालचं, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं, वर मुकुट घातलेला लिबर्टीबाईंचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा, चेहरा. आर्लीन शाळेत उपमुख्याध्यापिका होती. ती कुणाला न विचारता एकटी नाण्यांच्या प्रदर्शनात गेली आणि व्यापाऱ्याला म्हणाली, "व्हर्लिन क्रॅट्झनं तुमच्याकडून घेतलं तसंच एक द्या." कारण हे व्हर्लिनकडे आहे आणि माझ्याकडे नाही, हे मी जेवणाच्या टेबलावर बहुतेक रोज सांगत असे. व्हर्लिनचं नाणं ज्या जुन्या घबाडातलं होतं, त्यातलंच दुसरं व्यापाऱ्याकडे होतं. तेही चौसष्ट, व्हर्लिनचंही चौसष्ट. बाकीची सात मी नंतर स्वतः निवडून घेतली, सगळी पासष्ट.

व्हर्लिन क्रॅट्झ म्हणजे निवृत्त दंतवैद्य आणि आमच्या नाणेमंडळाचा खजिनदार. मंडळाचं दर वसंतात प्रदर्शन भरतं आणि दारातून आत शिरल्याबरोबर जी पहिली काचपेटी दिसते, ती वर्षानुवर्षं व्हर्लिनची. माझी पेटी स्वच्छतागृहाच्या दाराशी असते. तिथेही गर्दी असते, पण ती नाण्यांसाठी नसते. मंडळाचा नियम साधा आहे: ज्याचा संच सगळ्यांत वरच्या प्रतीचा, त्याची पहिली पेटी. व्हर्लिनच्या आठांतही सात पासष्ट आणि एक चौसष्ट. बरोबरी झाली तर पेटी आदल्या वर्षीच्या मालकाकडेच राहते. म्हणजे आता माझ्या आणि दारातल्या पेटीच्या मध्ये फक्त एक आकडा उभा होता.

याला एक उपाय असतो, आणि आमच्या नादातल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी खुणावतो. डबी फोडायची. नाणं बाहेर काढून, आधी कधी पाठवलंच नव्हतं अशा निरागसपणे पुन्हा कंपनीकडे पाठवायचं आणि या खेपेला त्या तिघांचा दिवस चांगला असेल अशी आशा धरायची. आकडा वाढला तर तुम्ही चाणाक्ष. घसरला, तर जुनी चिठ्ठी फोडताना फाटलेली असते आणि तुमच्याकडे पुरावाही उरत नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आर्लीन चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली आणि मी कामाला लागलो. गॅरेजमध्ये हाडं गोठत होती, म्हणून जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरला, पक्कड घेतली आणि डबीचा कोपरा दाबला. काही झालं नाही. आणखी दाबला. प्लास्टिक कुरकुरलं. मग मी थोडा चिडलो. कडाड असा आवाज झाला आणि नाणं टॉवेलावरून उडालं, टेबलाच्या कडेला टेकलं, जमिनीवर उभं धावत गेलं आणि तळघरातल्या भट्टीची गरम हवा वर येते त्या जमिनीतल्या जाळीतून खाली पडलं. पडताना टण, टण, टण असा आवाज येत राहिला. सोनं किती मऊ असतं ते मी इथे सांगत बसत नाही.

मी पालथा पडून जाळीत तोंड घातलं. तेवढ्यात मागच्या दारानं डेल्मर आला. डेल्मर आमचा शेजारी. तो दार वाजवत नाही. खूप वर्षांपूर्वी मी त्याच्या घराला 'साधारण' अशी प्रत दिली होती आणि तेव्हापासून आपण कुणाच्या घरात शिरतोय ही बाब तो फारशी मनावर घेत नाही.

"काय रे, भट्टीशी गप्पा मारतोयस?" तो म्हणाला.

मी त्याला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण जमिनीवर पालथ्या पडलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. डेल्मर घरी जाऊन दोरीला बांधलेलं लोहचुंबक घेऊन आला.

"डेल्मर, सोनं चुंबकाला चिकटत नाही."

"खरं असेल तर नाही चिकटणार," तो चुंबक आत सोडत म्हणाला. "ती खात्रीही यातच होऊन जाईल."

चुंबकाला केसांच्या तीन पिना लागल्या. मग त्यानं तळघरात उतरून हवेचा पत्र्याचा नळ सरळ सोडवायलाच घेतला. मी म्हणालो, माणूस बोलावू. तो म्हणाला, "साधारण घरातल्या लोकांना ही कामं स्वतः करावी लागतात." शेवटचा स्क्रू निघाला आणि या घरात आम्ही आल्यापासूनची सगळी धूळ डेल्मरच्या डोक्यावर आली. धुळीबरोबर एक पेन्सिल, आमच्या लेकीच्या, जनेलच्या, लहानपणच्या बाहुलीचा एक बूट आणि सगळ्यात शेवटी, करड्या पुंजक्यात गुंडाळलेलं नाणं. त्या पुंजक्यानंच त्याला वाचवलं होतं. मी कडेला धरून उजेडात फिरवलं. नवा ओरखडा एकही नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

"आर्लीनला सांगायचं नाही ना?" डेल्मरनं शिंकत विचारलं.

"नाही."

"मग म्हण. माझं घर उत्तम आहे."

"डेल्मर, मी आता निवृत्त झालोय. माझ्या म्हणण्याला काही अर्थ नाही."

"मला अर्थ नकोय. तू म्हण."

आम्ही तळघरात बराच वेळ घासाघीस केली. माझ्या व्यावसायिक प्रामाणिकपणाला परवडेल असा शेवटचा आकडा 'साधारणपेक्षा बरं' हा निघाला. तेवढ्यावर तो समाधानानं घरी गेला, केसांत आमची धूळ घेऊन.

आता खरं म्हणजे मी थेट पोस्टात जायला हवं होतं. पण नाणं डबीबाहेर आहे, बोटांत धरता येतंय, आणि मंगळवारी मंडळाची बैठक आहे. चार जाणत्यांनी बघून पासष्ट म्हटलं की मनाला धीर येतो. आमची बैठक लूथरन चर्चच्या तळघरात भरते. तिथले नियम कडक आहेत. उघडं नाणं कडेलाच धरायचं, मखमली तबकावरच ठेवायचं आणि त्यावर वाकलेलं असताना तोंड उघडायचं नाही, कारण थुंकीचा अदृश्य थेंबही सोन्यावर डाग पाडतो. त्यामुळे आमच्याकडे मत देण्याची पद्धत अशी की माणूस वाकतो, बघतो, ताठ होतो, मान बाजूला वळवतो आणि मग भिंतीला उद्देशून बोलतो. नवीन आलेल्यांना वाटतं आमचं एकमेकांशी पटत नाही. तेही खरंच आहे.

मी खिशातून माझं नाणं काढलं, तर समोर व्हर्लिन क्रॅट्झ खिशातून त्याचं काढत होता. त्यानंही डबी फोडली होती.

"सहज," व्हर्लिन म्हणाला. "म्हटलं, बोटांना जरा जुन्या सोन्याचा स्पर्श व्हावा. पाठवणार वगैरे नाहीये."

"मीही स्पर्शासाठीच," मी म्हणालो.

दोन उघडी नाणी एकाच तबकावर ठेवायची नाहीत हाही नियम आहे. पण अध्यक्ष एल्डन पूल यांना दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायचा मोह झाला. तेही वाकले. त्याच वेळी कुणीतरी कॉफीचं मोठं भांडं चालू केलं. त्या तळघरात कॉफीचं भांडं आणि आमचा दिवा एकाच फ्यूजवर आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि दर मंगळवारी कुणीतरी ते विसरतं. गुडुप अंधार झाला.

"कुणी हलू नका!" एल्डन ओरडले. नाण्यांवर वाकलेले असतानाच ओरडले.

"थुंकले!" अंधारात व्हर्लिन किंचाळला. "माझ्या नाण्यावर थुंकले!"

मग जे झालं त्याला हलणंच म्हणावं लागेल. दोघंही आपापलं नाणं वाचवायला तबकाकडे झेपावलो. तबक हललं, खुर्ची पडली, साखर भुरभुरलेले डोनट कुणाच्या तरी कोपरानं खाली गेले. दिवा लागला तेव्हा दोन्ही नाणी तबकावरच होती, पण तबक कुठल्या बाजूनं किती फिरलं होतं ते कुणालाच सांगता येईना.

"तुमचं कुठलं?" एल्डननी विचारलं.

"विचारताय काय?" व्हर्लिननं एक उचललं. "मी माझं नाणं अंधारातसुद्धा ओळखीन."

"मी तर झोपेतसुद्धा," मी म्हणालो आणि दुसरं उचललं.

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो. सोनं नोंदणी टपालानं पाठवायचं असतं, आणि नोंदणीच्या खोक्याच्या प्रत्येक सांध्यावर कागदी चिकटपट्टी लागते, म्हणजे तिच्यावर शिक्का उमटतो. मी चकचकीत पट्टी लावली होती. खिडकीवरच्या मिस टॅलबर्ट यांनी खोका एका बोटानं परत ढकलला. मी दुकानातून तपकिरी पट्टी आणली. त्यांनी ती नखानं खरवडून पाहिली.

"ही तपकिरी आहे, सर, पण कागद नाही."

"दिसायला तशीच आहे हो."

"दिसण्यावर नसतं, सर. नियम आहे. मनावर घेऊ नका."

हे वाक्य मी स्वतः आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं. ते खिडकीच्या या बाजूनं इतकं लागतं याची मला कल्पना नव्हती. तिसऱ्या खेपेला खरी कागदी पट्टी लावून गेलो, तर मागं रांगेत व्हर्लिन. हातात माझ्याच मापाचा खोका, आणि त्यावर चकचकीत पट्टी.

"बहिणीला मुरंबा पाठवतोय," तो म्हणाला.

"नोंदणी टपालानं?"

"चांगला झालाय मुरंबा. तू?"

"आर्लीनच्या मावशीची पिन. केसांची."

मिस टॅलबर्ट यांनी माझ्या खोक्यावर धपाधप शिक्के मारले. प्रत्येक धपक्याला मी आतल्या नाण्याची मनोमन माफी मागत होतो. पण जाताना मी मुद्दाम दारापाशी बुटाची नाडी बांधत थांबलो आणि व्हर्लिनचा खोका एका बोटानं परत ढकलला जाताना पाहिला. त्या सगळ्या दिवसांत मला तेवढाच काय तो आराम मिळाला.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते मला विचारू नका. मी चालायला लागलो. सकाळी चालायचो, दुपारी चालायचो. टपालगाडी दिसली की तिच्या मागोमाग चालायचो. कपाटात पहिली जागा रिकामी होती. आर्लीनला सांगितलं होतं की ते नाणं मंडळानं अभ्यासासाठी ठेवून घेतलंय. ती "हं" म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात त्या 'हं'चा अर्थ मला कळायला हवा होता.

एकदा असाच टपालगाडी शोधत गावभर फिरून घरी आलो, तर गाडी येऊन गेली होती. खोका टेबलावर उघडा. आर्लीन खुर्चीत, हातात नवी कोरी डबी.

"सही करून घेतलं मी," ती म्हणाली.

मी डबीकडे पाहिलं. पासष्ट.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पूर्वी कधी काढलेला नाही. आर्लीनच्या खांद्याला धरलं, टेबलाभोवती एक चक्कर मारली, दारातली पेटी, पहिली पेटी, असं काहीतरी ओरडलो. मग लक्षात आलं की आपण पकडले गेलोय, आणि तिचा खांदा सोडला.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," आर्लीन म्हणाली. "जनेलच्या बाहुलीचा हरवलेला बूट खिडकीत आला. आणि डेल्मरच्या डोक्यावर आपल्या घरातली धूळ होती. म्हटलं, तू स्वतः सांगशील. ते जाऊ दे. हे माझं नाणं नाहीये."

"म्हणजे?"

"माझं नाही. माझ्या बाईच्या भुवईवर एक बारीकशी रेघ होती. समोरचा थापा मारतोय हे ओळखल्यासारखी भुवई. त्या व्यापाऱ्याकडे मी तिच्यासाठीच अडून बसले होते. ही बघ. ही कुणावर संशय घेत नाही."

"आर्लीन, एका वर्षाची नाणी सारखीच दिसतात."

"हॉस्टेटलरांची जुळी मुलंही सारखीच दिसायची. मी शिक्षा कधी चुकीच्या मुलाला दिली नाही."

मी फोटो शोधायला धावलो. त्या नाण्याचे माझ्याकडे पुष्कळ फोटो होते. सगळ्यांत चिठ्ठीवरचा आकडा ठळक आणि नाणं खाली निम्मं कापलेलं. मी इतकी वर्षं फोटो आकड्याचा काढत आलो होतो. पण निम्म्या नाण्यात भुवई येत होती, आणि भुवईवर रेघ होती. हातातल्या नाण्याला ती नव्हती. मी बायकोनं दिलेली वस्तू स्वतःच्या हातानं अंधारात देऊन बसलो होतो आणि वर म्हणालो होतो की झोपेतसुद्धा ओळखीन. मला खरंच लाज वाटली.

मी व्हर्लिनकडे गेलो. वाटेत मनाशी म्हटलं, माणूस आनंदानं वेडा होईल. चौसष्टच्या बदल्यात पासष्ट घेऊन कोण येतं? व्हर्लिन स्वयंपाकघरात बसला होता. त्याचं नाणं चौसष्ट होऊनच परत आलं होतं आणि ती कंपनी आंधळ्यांनी चालवली आहे असं तो मंडळभर सांगत सुटला होता. मी फोटो दाखवला. सगळं सांगितलं.

"तुझं म्हणणं असं," व्हर्लिन सावकाश म्हणाला, "की मी माझं स्वतःचं नाणं ओळखलं नाही?"

"मीही नाही ओळखलं."

"तुझं वेगळं. तू घरपट्टीवाला. मी चाळीस वर्षं लोकांचे दात नुसत्या बोटानं ओळखलेत. ती रेघ म्हणजे फोटोतली सावली आहे. माझं नाणं माझ्याकडे आहे, तुझं तुझ्याकडे आहे. जा."

"व्हर्लिन, मी तुला पासष्ट देतोय!"

"आणि मी घेत नाहीये!" त्यानं दार लावून घेतलं.

गाडीत बसलो आणि माझ्या मनात एक विचार आला. तो चांगला विचार नव्हता, पण फार सुखाचा होता. मी माझं कर्तव्य केलं. तो नाही म्हणाला. मग आता हे पासष्ट माझंच की. आठही पासष्ट. दारातली पेटी. घरी येऊन मी हे आर्लीनला नीट, मुद्देसूद समजावलं. तिनं कोट चढवला, ओट्यावरचा ताजा ॲपल पाय उचलला आणि डबी पर्समध्ये टाकली.

"तू येणारेस," ती म्हणाली. "आणि नाण्यावर वाकल्यासारखं वागायचं. तोंड उघडायचं नाही."

व्हर्लिननं तिला आत घेतलं. ॲपल पाय घेऊन आलेल्या उपमुख्याध्यापिकेला दार लावून घेण्याची आमच्या गावात कुणाची छाती नाही. मी दाराशी उभा राहिलो.

"व्हर्लिन," आर्लीननं डबी टेबलावर ठेवली, "हे मी हर्शेलला दिलं खरं, पण या बाईचा चेहरा मला काही आवडेना. फारच भोळी वाटते. तुझ्याकडेही त्याच वर्षाची एक आहे ना? बघू."

व्हर्लिननं माझ्याकडे रागानं पाहिलं. मी तोंड मिटून होतो. त्यानं त्याची डबी आणली. आर्लीननं ती हातात घेतली आणि तिचा चेहरा उजळला. शाळेच्या दारात हरवलेलं मूल सापडल्यावर उजळायचा तसाच.

"ही. ही मला हवी. बदलून दे."

"आर्लीन, तुझं पासष्ट आहे. माझं चौसष्ट."

"असेल."

"अगं, मी लुबाडलं म्हणतील लोक! नीट वाच."

"मला आकडे नाही दिसत. चष्मा घरी राहिला."

"चष्मा तुझ्या नाकावर आहे."

"हा लांबचा आहे," आर्लीन म्हणाली. "तूच बघ आणि सांग, देतोस का?"

व्हर्लिननं दिवा ओढला, भिंग घेतलं आणि आमच्या पासष्टवर वाकला. बराच वेळ वाकलेला होता. बाईच्या केसांच्या अंबाड्यापाशी त्याचा अंगठा थांबला, पुन्हा एकदा तिथेच गेला, आणि त्याचे कान हळूहळू लाल झाले. त्याला त्याचं नाणं भेटलं होतं. मी ते दारातूनही पाहिलं. आर्लीननंही पाहिलं, आणि ती मान वळवून खिडकीबाहेर बघू लागली.

व्हर्लिन ताठ झाला, भिंतीकडे वळला आणि घसा खाकरला.

"तुझी एवढी इच्छाच असेल," तो भिंतीला म्हणाला, "तर माझी ना नाही."

दारापर्यंत पोचवायला आला तेव्हा तो अगदी हळू आवाजात "आभारी आहे, आर्लीन" असं म्हणाला. मग शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडला, "पण परत मागायला येऊ नका हं!"

प्रदर्शन झालं. दारातल्या पेटीत व्हर्लिनची आठ पासष्टं. ब्रॉडबेकच्या, म्हणजे माझ्या, बायकोनं हट्ट करून चांगलं देऊन हलकं कसं नेलं, ही गोष्ट त्यानं येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली, आणि प्रत्येकजण हात धुवायला आला की ओले हात झटकत मला विचारायचा, "खरं का हो?" मी म्हणायचो, खरं. दुसरं काय सांगणार? खरं सांगायचं तर व्हर्लिनला आपलं नाणं ओळखता आलं नाही हे सांगावं लागलं असतं, आणि मग मला तरी कुठे आलं होतं? बायकोच्या मुठीतला नवरा म्हणून मी आता तीन काउंट्यांत प्रसिद्ध आहे.

डेल्मरही आला होता. काचेला नाक लावून त्यानं पहिलं नाणं बघितलं.

"चौसष्ट म्हणजे काय रे?"

"साधारणपेक्षा बरं," मी म्हणालो.

तो इतका खूश झाला की त्यानं मला डोनट आणून दिला.

नाणं आता परत कपाटात आहे, पहिल्या जागेवर. मी अजूनही मधून मधून उठतो, कपाट उघडतो. पण आता आधी भुवईकडे बघतो. ती बाईही माझ्याकडे बघते, आणि तिला सगळं माहीत असतं. मग आर्लीन आतून विचारते, "आहे ना?" मी म्हणतो, "आहे." बरं वाटतं.

तरी एक सांगतो. कालच दिव्याखाली डबी जराशी तिरकी धरून पाहिली. त्या कोनातून ते नाणं चक्क पासष्टचं दिसतं. माझी पक्कड कुठे ठेवली आहे ते फक्त आर्लीनला माहीत आहे. मी अजून विचारलेलं नाही.